धागा: कामगाराची मजुरी आधी, चर्चचं दान नंतर. कॅथलिक माणसाने धंदा कसा चालवावा?

वाळूजचा प्रेसवाला

वाळूज एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप आहे. मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरांचं जॉबवर्क करतो, म्हणजे साखळीत अगदी खालच्या टोकाला. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बैठकीत विषय निघाला की कॅथलिक माणसाने धंदा कॅथलिक मूल्यांवर चालवायचा म्हणजे नेमकं काय करायचं. बहुतेकांचं उत्तर असं की लाच देऊ नका, खोटं बिल फाडू नका, ऑफिसात क्रूस लावा, नफ्यातला वाटा चर्चला द्या. यातलं काही चूक नाही, पण मुख्य गोष्ट राहून जाते. मालक ख्रिस्ती आहे की नाही, ते त्याच्या पगाराच्या रजिस्टरवरून ठरतं असं माझं ठाम मत आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. त्यात खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केलाय, समाजवादाला विरोध केलाय, आणि तरीही मालकाला एका गोष्टीत अजिबात मोकळीक दिलेली नाही. दोघांनी राजीखुशीने ठरवली म्हणून मजुरी न्याय्य होत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं भागलं पाहिजे, हा नियम कराराच्या वरचा. नाक्यावर उभा असलेला हेल्पर ‘द्या साहेब काय द्यायचं ते’ म्हणतो, तेव्हा त्याच्या त्या होकाराने माझी जबाबदारी संपत नाही. पोट अडलंय म्हणून तो हो म्हणतोय.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. चर्चच्या धर्मशिक्षणात स्वर्गापर्यंत हाक पोचणारी जी पापं सांगितली आहेत, त्यांत हाबेलच्या खुनाबरोबर मजुरावरचा अन्यायही आहे. इतक्या वरच्या पायरीवर ठेवलेलं पाप आपल्या प्रवचनांत किती वेळा येतं?

आमच्या लाइनमधली एक गोष्ट सांगतो. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबली तरच रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येतो. म्हणजे हात खालच्या डायमध्ये (साच्यात) राहू शकत नाही. शिफ्टचं टार्गेट वाढलं की एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून टाकतात. एका हाताने पार्ट ठेवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं, तासाला जास्त नग निघतात. आणि एक दिवस बोटं जातात. घाटी या सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करून बसलेली अशी पोरं मी पाहिली आहेत, लग्नाच्या वयाची. ती पट्टी लावणारा ऑपरेटर असतो, पण टार्गेट मालकाने दिलेलं असतं. ती पट्टी काढणं ही माझ्या मते रविवारच्या मिस्सेइतकीच भक्ती आहे.

आता बोला.

जालना मोंढा

दादा, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण धर्म देवळात, चर्चमध्ये, मशिदीत. धंदा रेटवर चालतो. आमच्याकडे सळईच्या भावात किलोमागे थोडा फरक पडला तर गिऱ्हाईक शेजारच्या गेटवर जातं. तुम्ही मजुरी वाढवून दिली, शेजाऱ्याने नाही दिली, तर वर्षभरात तुमचं शॉप बंद आणि तुमची सगळी माणसं पुन्हा नाक्यावर. त्यांचं भलं झालं का? मजुरी बाजार ठरवतो. मालकाने कायद्यात बसून धंदा टिकवावा, चार घरं चालवावीत, हीच मोठी सेवा. बाकी दानधर्म ज्याचा त्याने करावा.

वाळूजचा प्रेसवाला

शेठ, नफा वाईट असं चर्चही म्हणत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ परिपत्रकात लिहिलंय की नफा हे धंदा नीट चालल्याचं लक्षण आहे. पण तेवढं एकच लक्षण पुरत नाही. हिशेब चोख असून आतली माणसं तुडवली जात असतील, हेही तिथेच सांगितलंय.

आणि ‘कायद्यात बसून’ म्हणालात, तर कायद्याभोवती काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो म्हणून एकाच शेडमध्ये दोन फर्म, एक स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या. हजेरीवर वेगळी माणसं, मशीनवर वेगळी. बाजार म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंच असं घडवलेलं असतं.

लाल बावटा

मी कामगार चळवळीतला आहे, धर्म मानत नाही. तरी पट्टीबद्दल लिहिलंत त्याबद्दल सलाम. पण माझा आक्षेप जालन्याच्या शेठपेक्षा मोठा आहे. मालकाच्या मूल्यांवर कामगाराने का जगावं? आज तुम्ही चांगले आहात. उद्या मुलगा गादीवर बसेल, त्याला ही मूल्यं नकोशी होतील. कामगाराला दया नको, हक्क पाहिजे. तुमच्या शॉपमध्ये युनियनचा बोर्ड लागला तर चालेल का? एवढंच सरळ सांगा.

वाळूजचा प्रेसवाला

चालेल. कामगारांनी संघटना करणं हा त्यांचा नैसर्गिक हक्क, हे त्याच १८९१ च्या परिपत्रकात आहे. मला बोलणी करताना त्रास होईल, तो सहन करायचा. आत्ताचे पोप चौदावे लिओ यांनी २०२५ मध्ये हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली होती. ती फक्त नावापुरती राहू नये.

लाल बावटा

मग एक पाऊल पुढे जा. स्पेनच्या बास्क भागात तुमच्याच एका धर्मगुरूने, अरिझमेंदिअरिएताने, १९५६ मध्ये मोंद्रागोनच्या सहकारी कारखान्यांची सुरुवात करून दिली. तिथे कामगारच भागीदार आहेत. मालकीत हात घातल्याशिवाय मूल्यांची भाषा अर्धीच आहे.

जालना मोंढा

त्याच मोंद्रागोनमधली फागोर ही फ्रिज-वॉशिंग मशीनची मोठी सोसायटी २०१३ मध्ये बुडाली, तेही लिहा. आणि सहकार म्हणाल तर मराठवाड्यात अवसायनात निघालेले साखर कारखाने मोजायला बाहेर जावं लागत नाही. सभासद नावाला, सत्ता चेअरमनच्या घरात.

लाल बावटा

फागोर बुडाली तेव्हा तिच्या बऱ्याच सभासदांना बाकीच्या सोसायट्यांनी सामावून घेतलं. आपल्याकडचा कारखाना बंद पडला की कामगार वर्षानुवर्षं थकीत पगारासाठी फिरतो. फरक इथे आहे.

वैजापूरची मुलगी

दादा, मी घोगरगावच्या बाजूची, आपल्याच समाजाची. मिशनरी फादर जाकियेंच्या काळात आमच्या घराण्याने बाप्तिस्मा घेतला. तुमच्या लेखात एक प्रश्नच नाही, कामावर घेता कोणाला? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीची सवलत नाही. शीख आणि बौद्ध बांधवांना नंतर मिळाली, आपल्याला नाही. गावात जात तीच, शिव्या त्याच, फक्त दाखल्यावरचा रकाना बदलला. आमची आयटीआय झालेली पोरं वाळूजला गेटवर उभी राहतात. कॅथलिक मालकाने कॅथलिक मूल्यं पाळायची तर या पोरांना आधी आत घ्यावं. परक्याला न्याय आणि घरच्याला उपास, हे मला पटत नाही.

वाळूजचा प्रेसवाला

ताई, सवलतीबद्दलची वेदना शंभर टक्के खरी आहे. तरीही भरतीत धर्म विचारायला मी तयार नाही. शेजारच्या शेडवाल्याने उद्या ‘आमच्याच लोकांना घेणार’ म्हटलं तर आपली पोरं कुठे जातील? आपण थोडे आहोत, दुसऱ्यांच्या गेटवरच जास्त उभे असतो. मी एवढं करतो की गावाकडून आलेल्या फ्रेशरला, मग तो कोणीही असो, टूलरूममध्ये शिकायला वेळ देतो आणि त्या काळाचाही पूर्ण पगार देतो.

वैजापूरची मुलगी

नाही पटलं. ‘कोणीही असो’ म्हटलं की ज्याची ओळख आहे तोच पोचतो, हा आमचा अनुभव आहे. चर्चच गरिबांना आधी निवडायला सांगतं. मग सगळ्यांना सारखं धरून कसं चालेल? फॉर्मवर धर्म विचारू नका, पण भरतीची खबर आमच्या वाड्यांपर्यंत तरी पोचवा. आणि आणखी एक. मी आपल्या माणसांच्या एका शाळेत शिकवलंय. सही एका आकड्यावर, हातात दुसरा. हे प्रवचन आधी आपल्या संस्थाचालकांना द्या.

वाळूजचा प्रेसवाला

खबर पोचवण्याचं बरोबर आहे, ते करता येईल. शाळेच्या पगाराबद्दल कुठल्याही सभेत मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

शेठचा एक मुद्दा राहिला, परवडत नाही हा. माझी खरी अडचण मजुरीची नाही, वरून येणाऱ्या पैशाची आहे. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. आयकरात ४३बी(एच) ही तरतूद आल्यापासून थकवलेल्या बिलाचा खर्च, पैसे देईपर्यंत, माल घेणाऱ्याला आयकराच्या हिशेबात धरता येत नाही. तरी माल घेणारी पार्टी तीन-तीन महिने लावते, मध्येच रिजेक्शनची डेबिट नोट येते, म्हणजे माल नाकारून बिलातून पैसे कापले जातात. तक्रार केली तर पुढची ऑर्डर बंद. म्हणून मी बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातून कर्ज उचलून पगार करतो, व्याज मी भरतो. वरच्याने मला थांबवलं म्हणून मी खालच्याला थांबवलं, ही साखळी कोणीतरी तोडायला हवी. आणि हेल्परचा पगार थांबला की त्याच्या घरी त्याच आठवड्यात किराणा थांबतो.

जालना मोंढा

व्याज भरून पगार करता हे मोठं आहे, मानलं. पण सगळ्यांना ते झेपेल असं धरून मूल्यं सांगू नका. ज्याची सीसीची मर्यादा आधीच संपली आहे त्याने काय करायचं?

धारूर

मी ऊसतोड करणाऱ्या घरातला. शेठला सांगतो, ‘बाजार मजुरी ठरवतो’ म्हणजे काय ते आम्ही पाहिलंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली की फिटेपर्यंत सुटका नाही. अंगठा राजीखुशीनेच दिलेला असतो. खाडा पडू नये म्हणून बायांनी गर्भपिशव्या काढल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली, समिती नेमावी लागली. करार होताच की.

प्रेसवाले दादा, तुम्हाला एक विचारतो. तुमच्याकडे उचल मिळते का? कशी फेडून घेता?

वाळूजचा प्रेसवाला

मिळते, बिनव्याजी. दर महिन्याला थोडी कापतो. कोणी काम सोडलं तर शेवटचा पगार अडवत नाही, राहिलेली उचल वेगळी मागतो. कोणाची बुडते, कोणी आणून देतो.

धारूर

मग हे लिहून द्या. हजेरी कार्डाच्या मागे छापा, मराठीत आणि हिंदीत, की उचल बाकी असली तरी काम सोडता येतं आणि पगार पूर्ण मिळतो. तोंडी तर मुकादमही गोडच बोलतो. कागद हातात असला तर तुमच्यानंतर मुलगा बसला तरी आमचा माणूस तो दाखवू शकेल.