कुत्र्याचं पिल्लू कपडे पळवतं म्हणून पेपरच्या सुरळीने मारायचं? (वैतागून लिहिलंय, लांब झालंय)

मोजेचोराची_आई
काल अप्पा_नारायणपेठ यांनी इथेच लिहिलं की पिल्लू वाळत घातलेले कपडे ओढून पळवत असेल तर पेपरची सुरळी करून दोन फटके द्या, फाटक्या कपड्यावर नाक घासा, तीन दिवसांत सुतासारखं सरळ. खाली सगळ्यांचं 'अगदी बरोबर अप्पा'. रात्री झोप येईना म्हणून उठून लिहितेय.

आमच्याकडे हा प्रयोग झालाय. सासऱ्यांनी, म्हणजे पप्पांनी केला. ढब्बू, आमचा लॅब (लॅब्रॅडोर), तेव्हा चार महिन्यांचा. ड्राय बाल्कनीतल्या स्टँडवरचा मोजा ओढायचा, सोफ्याखाली घुसायचा, दोन पंजांत मोजा दाबून पुढच्या बारक्या दातांनी इलॅस्टिकचा एकेक दोरा उपसत बसायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा, येतंय का कोणी. फाडायची घाईच नाही, कोणीतरी मागे लागावं ही हौस. आणि आम्ही लागायचो की! मी, नवरा, मुलगी, डायनिंग टेबलाभोवती पकडापकडी, शेपूट बघायची त्याची तेव्हा.

मग सुरळी आली. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी पप्पा सुरळी घेऊन वाकले आणि ढब्बूने मोजा सोडायच्या ऐवजी गिळला. अख्खा. सोडला तरी मार, धरला तरी मार, मग पोटात टाकला, त्याच्या हिशोबाने बरोबरच केलं त्याने. रात्री अकराला डॉक्टरांकडे पळालो, इंजेक्शन देऊन उलटी करवली. गिळून तासभरच झाला होता म्हणून निभावलं, आतड्यात जाऊन अडकला असता तर ऑपरेशनच होतं.

तर मागे पळू नका. लक्षच नाही असं दाखवून किचनकडे चालू लागा, डबा वाजवा, पनीर किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकासमोर धरा, तोंड उघडलं की 'सोड' म्हणा. आधी हे खेळण्यावर घोटून घ्या, मोज्यावर नंतर. आणि मळक्या कपड्यांच्या बास्केटला झाकण लावा हो, आपल्या अंगाचा वास असतो म्हणूनच त्यांना मोजे आणि बनियन आवडतात.

अप्पा_नारायणपेठ
माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. पानशेतच्या पुरात, १९६१ साली, मी सहा वर्षांचा होतो, आमचा मोती आजोबांच्या एका शब्दावर गच्चीच्या कोपऱ्यात मुकाट बसून राहिला होता. पनीर नव्हतं दाखवलं कोणी. चिकन देऊन मोजा सोडवायचा याला आम्ही लाच म्हणतो. उद्या तो चिकनसाठीच मोजे उचलेल, बघा. तुमच्या सासऱ्यांना हात कधी आवरायचा ते कळलं नाही, त्यात सुरळीचा काय दोष?

वाकडचा_सरळ
आला, पानशेत आला. आता पेशवे कधी?

अप्पा, मोती दिवसभर गल्लीत हिंडून, चार भांडणं करून दमून यायचा. इथे टू बीएचकेमध्ये दहा तास कोंडलेलं पिल्लू आहे. शिवाय दात. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे २८ दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात, हिरड्या शिवशिवतात. चावणारच. ओल्या नॅपकिनला गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि द्या, आमच्या बीगलला फार बरं वाटायचं.

मोजेचोराची_आई
नॅपकिन चालतो आणि पप्पांचा पंचा चालत नाही, हे पिल्लाला तुम्ही येऊन समजावणार का? जुन्या मोज्यांना गाठ मारून खेळायला देणाऱ्यांनाही तेच. गार गाजर द्या. कापड म्हणजे आपलं नाही, हे एकच काय ते कळू दे त्याला.

वाकडचा_सरळ
आमच्या बीगलला कळत होतं. असो, लॅबचं मला माहीत नाही.

काटकसर_कोथरूड
इंजेक्शनला कशाला पैसे घालवायचे, घट्ट मिठाचं पाणी पाजायचं, पाच मिनिटांत सगळं बाहेर. आमच्या आईने…

गावठी_झिंदाबाद
अहो थांबा!! कृपा करून कोणीही हे करू नका. कुत्र्याला जास्त मीठ गेलं की रक्तात चढतं, झटके येतात, जीव जातो. गिळलंय म्हटल्यावर सरळ डॉक्टर. आणि मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, आतलं आतडं कापलं जातं. 'आमच्या आईने' म्हणे!

काटकसर_कोथरूड
आईवर जायचं काम नाही. तिने पाच कुत्री सांभाळलीत, तुम्ही किती?

गावठी_झिंदाबाद
अकरा. सगळी रस्त्यावरची, एकही विकत घेतलेलं नाही. त्यावर बोलायला लावू नका, हजारो रुपये देऊन लॅब आणायचा आणि मग मोज्यासाठी रडायचं.

मोजेचोराची_आई
गावठी पिल्लं कपडे चावत नाहीत का दादा?

गावठी_झिंदाबाद
चावतात. माझ्या काळीने मागच्याच महिन्यात बायकोच्या पैठणीचा पदर खाल्ला. पण तो मुद्दा वेगळा आहे.

अप्पा_नारायणपेठ
मुळात कपडे कुत्र्याच्या नाकाशी वाळत घालता कशाला? छताला दांडी, दोरी, कप्पी. धुणं वर, कुत्रं खाली. विषय संपला.

वाकडचा_सरळ
काका, बिल्डर ड्राय बाल्कनी म्हणून जे देतो त्यात वॉशिंग मशीन ठेवलं की माणूस आडवा होऊन आत जातो. वर गीझरचे पाइप. कप्पी कुठे ठोकू, कपाळाला?

फ्लॅट_३०४
वाकडचे, तुमच्यासारखेच लोक मग ग्रिलबाहेर वाळत घालतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांच्या जीन्सचं निळं पाणी माझ्या सांडग्यांवर. सांडग्यांवर! तीन वेळा सोसायटीला अर्ज दिला, उत्तर आलं की 'सामंजस्याने घ्या'.

वाकडचा_सरळ
मी ग्रिलबाहेर घालतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि जुलैमध्ये घालणार कुठे, सांगा ना. चार दिवस पाऊस, टॉवेलला कुबट वास, हॉलमध्ये पंख्याखाली स्टँड. ते स्टँड म्हणजे पिल्लासाठी बुफे.

फ्लॅट_३०४
पिळून घाला म्हणजे ठिबकत नाही. मशीन आलं आणि पिळायची अक्कल गेली.

काटकसर_कोथरूड
+१. आणि ते प्लास्टिकचे चिमटे, एका उन्हाळ्यात तुकडे. लाकडी घ्या.

गावठी_झिंदाबाद
लाकडी काळी खाते. प्लास्टिकचेही खाते, फक्त त्याचे तुकडे टोचतात.

अप्पा_नारायणपेठ
सुरळीबद्दल एक राहिलं. कुत्र्याला चूक कळते. फाटका कपडा दाखवला की मान खाली, कान मागे. कळत नसतं तर अपराधी चेहरा कशाला केला असता?

मोजेचोराची_आई
यावर प्रयोग झालाय अप्पा. अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी २००९ मध्ये छापलाय. मालक खोलीबाहेर असताना कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. चेहरा अपराधी व्हायचा तो मालक ओरडला की, खाल्लेलं असो नसो. उलट न खाता ओरडा बसलेली कुत्रीच जास्त कानकोंडी दिसली. म्हणजे ते तुमच्या आवाजाला घाबरतात. आणि तासाभरापूर्वीच्या मोज्यावर नाक घासलंत तर त्याला एवढंच कळतं की अप्पा आले की नाक दुखतं.

अप्पा_नारायणपेठ
अमेरिकेतली कुत्री.

बरं, नाक घासायचं मागे घेतो. तेही तुमच्या बाईंमुळे नाही. धाकट्या भावाने एका पिल्लाला तसं केलं होतं, ते पुढे त्याच्या हातून खाईना, ते आत्ता आठवलं. सुरळी मागे घेत नाही. आणि लाचेचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

मोजेचोराची_आई
देते. लाचेचं तुमचं खरं ठरलं, झालं समाधान? मधे आठवडाभर ढब्बू मोजा आणून माझ्या पायाशी ठेवायचा आणि डब्याकडे बघत बसायचा. एकदा तर जोडीतला दुसराही शोधून आणला. मग डॉक्टरांनीच सांगितलं की दर वेळी खाऊ द्यायचा नाही, कधी रस्सी, कधी नुसती शाबासकी, आणि मोज्याशिवायही अधूनमधून काहीबाही आणायला लावायचं. आता रिमोट आणतो, पप्पांची चप्पल आणतो, लाळेने भरलेली, पण गिळत नाही आणि सोफ्याखाली घुसत नाही. मला एवढी लाच परवडते.

अप्पा_नारायणपेठ
चप्पल आणतो म्हणता? पेपर आणतो का?

मोजेचोराची_आई
पेपर दिसला की अजून पळून जातो. कारण तुम्हाला माहितीये.

अप्पा_नारायणपेठ
हं.

फ्लॅट_३०४
ते सगळं ठीक. अप्पा, कप्पी कुठे मिळेल? आमच्या वरच्यांना भेट द्यायचीय.

अप्पा_नारायणपेठ
बोहरी आळीत. पितळी मागा, आणि दोरी नायलॉनची नको, घसरते. दांडीची लांबी मोजून न्या, नाहीतर दुकानदार तुम्हालाच विचारेल मोजायला आलात की घ्यायला.