गल्लीत ४० खाटांचं हॉस्पिटल : मोजायच्या कशा, खाटा की गाड्या?

टेपवाला

कोथरूडात कर्वे रस्ता सोडून आत दोन वळणं घेतली की आमचा रस्ता. तिथला एक जुना बंगला पाडून ४० खाटांचं हॉस्पिटल होतंय. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांच्या सल्लागारांनी वाहतुकीचा अहवाल समजावून सांगितला. सार एवढंच : खाटा ४०, तळघरात ३० गाड्यांची सोय, रस्ता १२ मीटर, सबब ‘परिणाम नगण्य’. लोकांनी चहा घेतला आणि पांगले.

हॉस्पिटलला माझा विरोध नाही. आधीच लिहितो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल. माझा आक्षेप खाटांवरून वाहतूक काढण्याला आहे. खाटेवरचा माणूस तीन दिवस एका जागी पडून असतो. रस्त्यावर येतात ते ओपीडीवाले. नकाशात तपासणीच्या सहा खोल्या आहेत. पेशंटमागे १० मिनिटं धरली तर तासाला ३६ जण. तपासणी, रक्त देणं, औषधं घेणं मिळून प्रत्येक जण तासभर थांबतो म्हणू. तिघांतला एक चालत किंवा रिक्षाने आला असं धरलं, तरी एका वेळी २४ गाड्या उभ्या.

आता डॉक्टर तासभर उशिरा आले (येतातच). पेशंट ठरल्या वेळेला येत राहतात, पण थांबतात दोन तास. उभ्या गाड्या ४८. येणारं माणूस एकही वाढलेलं नाही, नुसतं डॉक्टरांचं घड्याळ मागे पडलं. अहवालात याबद्दल एक ओळ नाही.

दुसरं म्हणजे मोजणी केली कधी, तर मंगळवारी दुपारी दोन ते चार. दोन ते चार! पुण्यात! ओपीडी संध्याकाळी पाच ते आठ, पेशंटला भेटायची वेळ पाच ते सात, आणि समोरच्या क्लासची पोरं सुटतात सहाला.

रस्ता रविवारी सकाळी मुलाला टेपचं टोक धरायला लावून मोजला. कंपाउंड ते कंपाउंड १२ मीटर, बरोबर आहे. फूटपाथ सोडून डांबर ८.४. एका बाजूच्या उभ्या गाड्या वजा केल्या की ६.३. विजेच्या डीपीपाशी ५.५. तिथे दोन मोठे ट्रक समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागतं, आणि कोण जाणार हे आधी ठरवावं लागतं.

खाट क्रमांक ७

तुमचं गणित नीटनेटकं आहे, पण त्यात वजाबाकी नाही. हे ३६ जण काय आज घरी बसलेत? तेही कुठेतरी जातातच. आमच्या बिल्डिंगमधून दर आठवड्याला कुणी ना कुणी रिक्षा करून डेक्कनपलीकडे तपासायला जातं. हॉस्पिटल गल्लीत आलं तर ती फेरी कर्वे रस्त्यावरून वजा होते. म्हातारी माणसं चालत जातील.

माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला पाऊण तास आमचा नळ स्टॉपला गेला. मी मागे बसून त्यांचा हात धरला होता आणि पुढच्या बसवरची साडीची जाहिरात वाचत होतो. अजून पाठ आहे ती. तेव्हा संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणार नाही, हे दुःख मला फार मोठं वाटत नाही, माफ करा.

टेपवाला

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. वजाबाकीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिला. पण पूर्ण नाही. या हॉस्पिटलचं पत्रक हृदयरोग, सांधेरोपण, दुर्बिणीची शस्त्रक्रिया असं आहे. गुडघे बदलायला एका गल्लीतून वर्षाला किती माणसं जाणार? बाकीचे वारजे, बावधन, पौड रोडवरून येणार. साधा फॅमिली डॉक्टर असता तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. जितकं मोठं स्पेशालिटी, तितक्या लांबून गाड्या.

आणि ज्या अँब्युलन्सला तुम्ही जवळ आणताय, ती शेवटचे २०० मीटर याच ५.५ मीटरमधून येणार आहे.

सर्व्हेतला

या धंद्यात बरीच वर्षं काढली. कॅमेरे नव्हते तेव्हा हातात टिकटिक काउंटर घेऊन आठ-आठ तास चौकात बसलोय. दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

टेपवाल्यांनी रस्त्याच्या रुंदीतून उभ्या गाड्या वजा करून जे चित्र उभं केलं, ते थोडं भडक आहे. शहरी रस्त्यांच्या क्षमतेसाठी आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं १९९० चं आयआरसी-१०६ वापरतात. त्यात दोन लेनच्या दुहेरी कलेक्टर रस्त्याला (म्हणजे गल्ल्यांतली वाहतूक गोळा करून मोठ्या रस्त्याला नेऊन सोडणारा रस्ता) तासाला ९०० पीसीयू दिलेत (पीसीयू म्हणजे सगळी वाहनं ‘इतक्या कार’ अशी करून मोजायचं माप). मुख्य रस्त्याला हाच आकडा १५०० आहे. कलेक्टरला तो कमी आहे, कारण कडेला उभ्या गाड्या आणि आडवी वर्दळ त्यात आधीच धरली आहे. तुम्ही ती परत वजा केली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली. शिवाय ९०० म्हणजे रस्ता तुंबतो असं नाही. बऱ्यापैकी चालत राहील असा तो आकडा आहे.

आता सल्लागारांकडे. वर्दळीत रिक्षा ५ टक्के असतील तर एक रिक्षा १.२ पीसीयू. १० टक्के किंवा जास्त झाल्या की तीच रिक्षा २. हॉस्पिटलच्या दारात रिक्षांचं प्रमाण वाढतंच. आजच्या मोजणीवरचा १.२ उद्याच्या वाहतुकीला लावला असेल तर तिथेच अहवाल हलका झाला. कोष्टक मागून घ्या आणि रिक्षापुढचा आकडा बघा.

खरी गोची मात्र दारात असते. रस्त्याची क्षमता सगळे काढतात, गेटची कुणी काढत नाही. तळघरात एकावर एक गाड्या चढवणारं यांत्रिक पार्किंग असेल, आणि एक गाडी आत घ्यायला दोन मिनिटं लागत असतील, तर तासाला ३०. बाहेर काढायच्या गाड्याही त्यातच. मग ३० गाड्यांची जागा खाली रिकामी आणि रांग रस्त्यावर.

एमआर दादा

औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर), १४ वर्षं. सगळ्यांनी पेशंट मोजले, आम्हाला कुणी मोजलं नाही. ओपीडी संपायच्या वेळेला काळ्या बॅगा घेऊन आम्ही आठ-दहा जण बाइक लावून उभे असतो, तेही पाच मिनिटांच्या भेटीसाठी दीड तास. मग लॅबचे सॅम्पलवाले, ऑक्सिजन सिलिंडरचा टेम्पो, लाँड्री, कँटीनची भाजी. जैविक कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणजे ती गाडी किमान दिवसाआड येणारच. या सगळ्यांना उभं राहायला नकाशात जागा दाखवली आहे का, ते विचारा.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत असा प्रस्ताव प्लॅनिंग बोर्डासमोर जातो. वाहतूक अभियंता शपथेवर साक्ष देतो आणि शेजारपाजारचे लोक त्याला उलट प्रश्न विचारू शकतात. आकडे घेतात ते वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेच्या मॅन्युअलमधून. त्यात डॉक्टरांच्या इमारतीला साध्या ऑफिसच्या तिपटीहून जास्त फेऱ्या धरलेल्या आहेत, चौरस फुटामागे. खाटांवरून काढलं की ओपीडी निसटते, हा टेपवाल्यांचा संशय बरोबर आहे.

उगाच एक

तिकडे दूध आणायलाही गाडी काढतात, त्यांची पट आम्हाला कशाला? आणि शपथेवर साक्ष वगैरे राहू द्या. इथे पी-१ची (विषम तारखांच्या पार्किंगची) पाटी असलेल्या बाजूला सम तारखेला गाडी लावून वर ‘आज कितवी?’ विचारणारे आपणच.

मंगल कार्यालय झालं असतं तर कुणी टेप घेऊन गेलं असतं का? त्याच रस्त्यावर तीन क्लास आणि एक मिसळवाला आहे. त्यांच्या गाड्यांचा अहवाल कुणी मागितला नाही. आपल्याकडे बांधकाम २०,००० चौरस मीटरवर गेलं की पर्यावरण मंजुरीच्या निमित्ताने वाहतुकीकडे कुणीतरी बघतं. त्याखालचं सगळं रामभरोसे. या हॉस्पिटलने निदान अहवाल केला, वाईट का होईना, आणि शिक्षा त्यालाच.

खाट क्रमांक ७

उगाच एक यांना +१. फ्लॅटच्या किमतीची काळजी आहे असं लिहिलं असतं तर मला जास्त पटलं असतं.

टेपवाला

किमतीचं म्हणाल तर माझा फ्लॅट भाड्याचा आहे.

सर्व्हेतल्यांची दुरुस्ती मान्य. उभ्या गाड्या दोनदा वजा केल्या, चूक माझी. पण गेटचं त्यांनी लिहिलं ते वाचून नकाशा पुन्हा उघडला. पार्किंग यांत्रिकच आहे, आणि गेटपासून लिफ्टपर्यंत आत जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील. तिसरी रस्त्यावर. क्लासच्या गेटसमोर.

म्हणून चार गोष्टी लेखी देणार आहे. मोजणी पुन्हा करा, कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते आठ. ओपीडीच्या वेळा क्लास सुटायच्या वेळेपासून अर्धा तास तरी सरकवा. रिक्षाला माणूस उतरवून निघून जाता येईल असा खाचा कंपाउंडच्या आत काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्लॉट कोपऱ्याचा आहे, तर गाड्यांचं गेट पुढच्या रस्त्यावर न ठेवता बाजूच्या गल्लीत घ्या. तिथे वर्दळ जवळजवळ नाहीच. खाट क्रमांक ७, याला तरी तुमची हरकत नसावी.

खाट क्रमांक ७

याला नाही. द्या, मी पण सही करतो.

दुसरी बाल्कनी

आत्तापर्यंत नुसती वाचत होते. त्या बाजूच्या गल्लीत आम्ही राहतो. टेप घेऊन या एकदा. कंपाउंड ते कंपाउंड नऊ आहे.