मदत हवी आहे: क्रूझवरून उतरून रोम, फ्लॉरेन्स, पॉम्पेई स्वतः फिरायचं आहे (तातडीचं)

बदलापूर_फास्ट
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात मेडिटरेनियन क्रूझला चाललोय. बुकिंग, व्हिसा, विमान सगळं झालंय, अडलंय फक्त इटलीपाशी. जहाजवाल्यांच्या सहलींचे दर बघून डोळे पांढरे झाले. रोमच्या एका दिवसाला चौघांचे जेवढे मागतायत तेवढ्यात आमचं अख्खं कोकण होईल, तेही मासे खाऊन. म्हणून रोम, फ्लॉरेन्स आणि पॉम्पेई आपलं आपण करायचं ठरवलंय. ट्रेनने जमतं का? कोलोसियम, व्हॅटिकन, डेव्हिडचा पुतळा आणि पिसाचा मनोरा बघायचाच आहे. गूगल करून झालंय, लिंका नकोत. ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा. जरा लवकर, तिकिटं काढायचीत.

चौकस_चिमणी
कुठलं बंदर? कुठला वार? जहाज किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं? व्हिसा सिंगल एन्ट्री की मल्टिपल? मध्ये ट्युनिशिया वगैरे असेल तर सिंगलवर परत शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) शिरता येणार नाही.

बदलापूर_फास्ट
व्हिसा झालाय म्हटलं ना. ट्युनिशिया नाही. बंदरं वर लिहिलीयत: रोम, फ्लॉरेन्स, नेपल्स.

तिरपा_मनोरा
अहो, फ्लॉरेन्सला समुद्र नाही. रोमलाही जहाज लागत नाही. तुमच्या कागदावर कंसात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असेल, ते वाचा. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर. रोम म्हणजे चिव्हितावेक्किया, तिथून रोम सत्तर-ऐंशी. तिन्हीत फक्त नेपल्स असं, की जहाजातून उतरलं की गावात. (मी पिसात पीएचडी करतोय. घरचे आले की लिव्होर्नोला ने-आण माझ्याकडेच असते.)

हिशेबनीस
स्पष्ट सांगतो, राग नसावा. जहाजाचीच सहल घ्या. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्हाला झाला तर थांबत नाही. वाचवलेले पैसे पुढच्या बंदरापर्यंत धावण्यात जातील.

गाडीवान
ट्रेनही नको आणि त्यांची बसही नको. चौघं आहात तर प्रायव्हेट व्हॅन करा. धक्क्यापाशी नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो, दारात सोडतो. आम्ही एका दिवसात कोलोसियम, ट्रेव्ही, पँथिऑन, स्पॅनिश स्टेप्स, व्हॅटिकन सगळं केलं.

हिशेबनीस
केलं म्हणजे काचेतून बघितलं. आणि भाडं किती पडलं तेही लिहा की.

गाडीवान
तुम्हाला कशाला सांगू?

नलूमावशी
बाळांनो भांडू नका. बदलापूर, सोबत मेथीचे ठेपले आणि गूळ-दाण्याचे लाडू न्या. तिकडे शाकाहारी माणसाचे फार हाल होतात. आमच्या वेळी टूरवाल्यांचा महाराज सोबत असायचा, पोहेसुद्धा मिळायचे. आता सगळे एकटे जातात.

रानवारा
व्हेनिसला शिरायला आता पैसे पडतात हे लक्षात ठेवा. २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घेतात, ऐनवेळी काढलं तर २०२५ पासून १० युरो. शिवाय ऑगस्ट २०२१ पासून मोठी जहाजं सेंट मार्क्स चौकाच्या समोरून जाऊच शकत नाहीत. कागदावर व्हेनिस लिहून रावेन्नाला उतरवतात. रावेन्नाचे मोझेक मात्र चुकवू नका, आणि दान्तेची कबरही तिथेच आहे.

बदलापूर_फास्ट
व्हेनिसला मी जातच नाहीये!! कृपया विषयावर बोला. कागद बघितला. लिव्होर्नो सोमवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३०. चिव्हितावेक्किया मंगळवार ७ ते ७. नेपल्स बुधवार ८ ते ६. आता सांगा.

तिरपा_मनोरा
आता बोलता येईल. पहिली वाईट बातमी: सोमवारी अकादेमिया (डेव्हिड ठेवलाय ते म्युझियम) बंद. उफिझी हे चित्रांचं म्युझियमही बंद. म्हणजे डेव्हिड नाही. चौकातला, पिआत्सा देल्ला सिन्योरियातला, दिसेल. पण ती प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ मध्ये आत हलवला, तिथे नक्कल उभी राहिली १९१० मध्ये.

लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स साध्या ट्रेनला सव्वा ते दीड तास. धक्का ते स्टेशन वेगळंच प्रकरण आहे. बंदर मालवाहू, पायी बाहेर सोडत नाहीत, शटल बस गावातल्या चौकात सोडते, तिथून शहराची बस धरून लिव्होर्नो सेंत्राले. जाऊन येऊन तुमचे साडेचार-पाच तास वाटेत गेले, आणि ज्यासाठी गेलात ते दार बंद. एवढं करून फ्लॉरेन्स कशासाठी?

बदलापूर_फास्ट
म्हणजे काय, फ्लॉरेन्सला जाऊच नको? डेव्हिड तर बायकोने पहिला लिहिलाय. आणि आई-मुलाला घेऊन दिवसभर जहाजावर बसू का?

चौकस_चिमणी
आई आणि मूल?! हे आत्ता? आईंचं वय काय, चालतात किती? मूल केवढं?

बदलापूर_फास्ट
आई ६८. गुडघे दुखतात पण चालते. मुलगा सहा वर्षांचा. त्याचा काय संबंध?

तिरपा_मनोरा
संबंध असा, की पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिकीट खिडकीशी भोकाड पसरेल.

माझा सल्ला: सोमवारी पिसा आणि शेजारचं लुक्का गाव करा. लिव्होर्नोहून पिसा सेंत्राले पंधरा-वीस मिनिटं. तिथून मनोरा चालत पंचवीस मिनिटं, पण आईंसाठी पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्टेशन धरा. तिथून मनोरा हाकेच्या अंतरावर. मैदानात हिरवळीवर बसा, मुलाला पळू द्या, मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढा, सगळेच काढतात. मग सान रोस्सोरेहूनच लुक्काची गाडी. लुक्का सपाट आहे. गावाभोवतीचा तट चार किलोमीटरचा, वर झाडं लावलेला रुंद रस्ता, भाड्याच्या सायकली मिळतात. आईंनी खाली चौकात कॉफी घ्यावी, तुम्ही मुलाला चक्कर मारून आणा. ऑपेरावाल्या पुच्चिनीचं जन्मगाव आहे, पण सहा वर्षांच्या पोराला त्याचं काय.

(मनोरा १९९० ते २००१ बंद होता. एका बाजूची माती काढून त्याला थोडा सरळ केला. बिल्डरने पाया नीट भरला असता तर या गावात कुणी फिरकलं नसतं.)

हिशेबनीस
लुक्का कोणाला माहितीय? परत आल्यावर लोक विचारणार, फ्लॉरेन्स बघितलं का. जहाजवाले नुसती ने-आण करणारी बसही विकतात, गाईड नाही, जेवण नाही. पूर्ण सहलीपेक्षा बरीच स्वस्त आणि जहाज तिच्यासाठी थांबतं. फ्लॉरेन्सला ती घ्या. दुओमो (मोठं चर्च) बाहेरून, पोन्ते वेक्क्यो हा जुना पूल, झालं.

तिरपा_मनोरा
ही बस घेणं शहाणपणाचं आहे, मान्य. फ्लॉरेन्सच हवं असेल तर हाच मार्ग. मी तरी सोमवारी नेणार नाही.

ताकपोहे
नलूमावशी, शाकाहारी माणसाचे हाल इटलीत? मारिनारा पिझ्झावर चीजसुद्धा नसतं, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. रोममध्ये 'अल तालिओ'च्या दुकानात मोठ्या तव्यातून कात्रीने तुकडा कापून वजनावर देतात. बटाट्याचा मागा, आपल्या बटाट्याच्या भाजीची आठवण येते. टेबलावर बसलात तर कोपेर्तो म्हणून माणशी युरो-दोन युरो लावतात, उभ्याने कॉफी प्या.

चौकस_चिमणी
पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं हे सांगितलं नाहीत. कडक शाकाहारी असतील तर चालणार नाही.

ताकपोहे
मूळ पोस्टीत मासे खाऊन कोकण करतो म्हणालेत ते. वाचत जा.

नलूमावशी
मासे खाणाऱ्याच्या आईला श्रावण असू शकतो. आणि जहाजाच्या बुफेतलं खाणं बाहेर नेऊ नका, अडवतात. ठेपले तुमचे असतात, ते कोण अडवणार.

बदलापूर_फास्ट
मंडळी, ठेपले नेतो, विषय संपला. रोम!!! कोलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही एका दिवसात, ट्रेनने, होतं की नाही? रोज बदलापूर फास्टला लटकतो, इटलीच्या लोकलला घाबरत नाही.

गाडीवान
व्हॅनने होतं.

तिरपा_मनोरा
गर्दीची भीती नाही, वेळेचं गणित आहे. सात वाजता जहाज लागलं तरी बाहेर पडायला आठ होतात. शटलने लार्गो देल्ला पाचे हा बंदराबाहेरचा थांबा, तिथून बसने स्टेशन. गाड्या तासाला साधारण दोन. रोमा सान पिएत्रोला पाऊण तासात उतरता आणि दहा-पंधरा मिनिटं चाललं की सेंट पीटर्सचा चौक. म्हणजे साडेनऊ-दहा धरा. सातला सुटणाऱ्या जहाजावर साडेसहाच्या आत चढायचं, म्हणून रोमहून परतीची गाडी साडेतीन-पावणेचारच्या पुढची धरू नका. हातात उरले साडेपाच तास. आई आणि मुलाला घेऊन दोन्ही करायचं तर दोन रांगा बघून याल.

व्हॅटिकन घेतलंत तर: सेंट पीटर्स बासिलिका फुकट, सुरक्षा तपासणीची रांग मोठी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलाच्या बर्म्युडाचंही बघा. घुमटावर ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आईंना नेऊ नका. म्युझियमची तिकिटं आधी काढा, नसतील तर म्युझियम सोडा. मंगळवार आहे हे नशीब, बुधवारी सकाळी पोपची सभा असते, चौक भरून जातो. उरलेल्या वेळात टॅक्सीने पिआत्सा नाव्होना, मग चालत पँथिऑन. तिथे २०२३ पासून तिकीट लागतं.

कोलोसियम घेतलंत तर सान पिएत्रोला उतरूच नका, तीच गाडी पुढे ओस्तिएन्सेला जाते. तिथून पिरामिदे मेट्रो, बी लाइन, दुसरं स्टेशन कोलोस्सेओ. वर आलात की समोरच. तिकीट नावाचं आणि वेळेचं असतं, ओळखपत्र मागतात. अठराखालच्यांना फुकट, पण शून्य युरोचं तिकीटही काढावंच लागतं.

चौकस_चिमणी
पासपोर्ट बऱ्याचदा जहाजवाले काढून घेतात. रंगीत झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो ठेवा.

हिशेबनीस
आणि संप झाला तर? इटलीत ट्रेनचे संप नेहमीचेच.

तिरपा_मनोरा
होतात, पण आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. पंचाईत दुपारच्या परतीची आहे. आठवडाभर आधी तारखा बघून ठेवा, त्या मंगळवारी संप निघाला तर निमूटपणे जहाजाची बस घ्या.

आणि समजा रोममध्ये जहाज चुकलंच, तर तिथे चुकणं सगळ्यात परवडतं. पुढचं बंदर नेपल्स, रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून वेगवान गाडीने सव्वा तास. रात्री हॉटेल, सकाळी धक्क्यावर उभे राहा. जहाजाच्या रोजच्या पत्रकात पोर्ट एजंटचा नंबर असतो, त्याचा फोटो काढून मगच उतरा.

कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. फोनवर काढलं तर 'चेक इन' दाबावं लागतं. नाही केलं तर तिकीट असूनही दंड. साध्या गाड्यांचं तिकीट आधी काढायची गरज नाही, भाडं तेच राहतं.

रानवारा
बाटल्या विकत घेऊ नका, रोममध्ये रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात. पाणी सतत वाहतं, गार आणि पिण्याचं. तोटीखाली बोट दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. मुलगा खूश होईल.

बदलापूर_फास्ट
धन्यवाद. आता पॉम्पेई राहिलं. धक्क्यावरून ट्रेन आहे ना?

तिरपा_मनोरा
धक्क्यासमोरच मुनिचिपिओ मेट्रो. तिथून गारिबाल्दी स्टेशन, खाली चिर्कुमव्हेझुव्हियाना (तिथली लोकल), सोरेंटोची गाडी, स्टेशन 'पॉम्पेई स्काव्ही, व्हिला देई मिस्तेरी'. नाव पूर्ण वाचा, पॉम्पेई नावाची इतर स्टेशनं आहेत, ती गावातली. बसायला जागा हवी असेल तर गारिबाल्दीऐवजी एक स्टेशन मागे पोर्ता नोलानाला चढा, गाडी तिथूनच सुटते. बदलापूरकरांना हे काय सांगायचं.

गाडीवान
नेपल्सच्या गर्दीत माझ्या मेहुण्याचं पाकीट गेलंय. म्हणून म्हणत होतो व्हॅन.

सावकाश_चाला
नवीन आयडी आहे, पण गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना घेऊन गेले होते म्हणून लिहिते. पॉम्पेईचे रस्ते म्हणजे मोठमोठे दगड, मधे चाकोऱ्या खोल गेलेल्या, आणि रस्ता ओलांडायला उंच ठोकळे. सासूबाई पहिल्याच चौकात थांबल्या. सावलीही नाही. त्यापेक्षा हर्क्युलेनियम बघा, त्याच गाडीने अलीकडे, 'एर्कोलानो स्काव्ही'. लहान आहे, दोन-अडीच तासांत नीट बघून होतं. पॉम्पेईसारखंच इ.स. ७९ च्या उद्रेकात गाडलं गेलं. जळून कोळसा झालेली लाकडी तुळई, दार, पलंग जागेवर आहेत, काही घरं दोन मजली उभी आहेत. फक्त स्टेशनवरून उताराने जायचं आणि परत चढाने यायचं, तेव्हा येताना टॅक्सी करा. मुलालाही ते जास्त आवडेल, घरं घरांसारखी दिसतात.

हिशेबनीस
पॉम्पेई सोडून हर्क्युलेनियम, फ्लॉरेन्स सोडून लुक्का. या धाग्यावर मूळ प्रश्नाचं एकही ठिकाण शिल्लक राहिलं नाही.

बदलापूर_फास्ट
हाहा. बायकोला धागा वाचून दाखवला. सोमवार पिसा आणि लुक्का (डेव्हिडवरून अबोला आहे). मंगळवार कोलोसियम, कारण मुलगा ग्लॅडिएटरवरून हटत नाही. नेपल्सला मी आणि मुलगा पॉम्पेई, बायको आणि आई हर्क्युलेनियम, एकाच गाडीने, त्या आधी उतरतील. पॉम्पेईचं तिकीट तिथे मिळतं ना?

तिरपा_मनोरा
मिळेलच असं धरून जाऊ नका. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. आजच काढा, मुलाचं शून्याचं तिकीटही. आणि दोन ठिकाणी विभागताय तर परत एर्कोलानोला भेटायच्या भानगडीत पडू नका, ज्याने त्याने सरळ जहाजावर यायचं. जहाजाची कार्डं ज्याची त्याच्याकडे द्या, सगळी एकाच्या पाकिटात ठेवू नका.

बदलापूर_फास्ट
काढतो आता. बाय द वे, मार्सेयलाही एक दिवस आहे, तिथे काय बघायचं?

चौकस_चिमणी
किती वाजता लागतं?