पहिल्या वर्षाच्या लसी: सरकारी दवाखान्यात की खाजगी 'पेनलेस'?

रानजाई
दीड महिन्याचं बाळ घेऊन खाजगी दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न येतो, "ताप येणारी देऊ की न येणारी?" असं विचारल्यावर कुठली आई ताप येणारी मागेल? पुण्यात आमच्या सोसायटीत बाळाला मनपाच्या दवाखान्यात नेणं म्हणजे आईबापांनी हात आखडता घेतला असं समजतात. मला हे मुळीच पटत नाही.

ताप येणारी म्हणजे सरकारी दवाखान्यातही मिळते ती पेंटा, न येणारी म्हणजे खाजगीतली 'पेनलेस'. दोन्हींत मुख्य फरक डांग्या खोकल्याच्या भागाचा आहे. सरकारी पेंटामध्ये (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा हिब जंतू, या पाचांची एकत्र लस) त्या खोकल्याचा अख्खा, मारलेला जंतू असतो. 'पेनलेस'मध्ये जंतूचे फक्त निवडक घटक असतात. त्यामुळे ताप, सूज, रडारड कमी. सुई मात्र दोन्हीकडे टोचतेच. पण संरक्षण किती वर्षं टिकतं हे पाहिलं तर पारडं सरकारी लसीकडे झुकतं. अमेरिकेने 1990 च्या दशकात सगळ्या मुलांना निवडक घटकांची लस द्यायला सुरुवात केली. 2010 मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची साथ आली, नऊ हजारांहून जास्त रुग्ण सापडले आणि 10 तान्ही बाळं गेली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की या लसीचं संरक्षण काही वर्षांतच उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये सांगितलं की ज्या देशांच्या कार्यक्रमात अख्ख्या जंतूची लस आहे, त्यांनी सुरुवातीच्या डोसांसाठी तीच चालू ठेवावी.

आता खर्च. सहा रोगांची (पेंटातले पाच आणि पोलिओ) एकत्र पेनलेस लस एका वेळी चार हजारांच्या आसपास पडते, न्यूमोनियावरची न्यूमोकोकल वेगळी. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावी. पण "पगार झाला की देऊ" करत अडीच महिन्यांचा डोस चार महिन्यांवर गेलेली घरं माझ्या ओळखीत आहेत. सरकारी दवाखान्यात हे सगळं फुकट आहे. महाराष्ट्रात 2019 पासून जुलाबावरची रोटाव्हायरस आणि 2021 पासून न्यूमोकोकलही मिळते. मग वाचलेला पैसा सरकार देत नाही त्या लसींवर का घालू नये? सरकारी एमआरमध्ये गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. कांजण्या नाहीत, फ्लू नाही. टायफॉइड नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना फुकट दिली, पण बाकी ठिकाणी खिशातूनच घ्यावी लागते.

शेवगा
रानजाई, तुमचा हिशोब बरोबर असला तरी मी माझ्या जुळ्यांना पेनलेसच दिली आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन.

आम्ही दोघं नोकरी करतो, घरात तिसरं मोठं माणूस नाही. दोन बाळं एकाच रात्री तापाने फणफणली तर कोणी कोणाला घ्यायचं? आमच्या भागातल्या दवाखान्यात लसीकरण ठरलेल्या वारीच असतं, तेही सकाळी. रांगेत दोन-अडीच तास, बसायला बाक नाही, दूध पाजायला आडोसा नाही. सहा आठवड्यांच्या बाळाला तिथे तीन सुया (पेंटा, न्यूमोकोकल, पोलिओची), खाजगीत दोन.

आणि कॅलिफोर्नियाचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. तिथे संरक्षण उतरलं ते बहुतेक शाळकरी मुलांचं. पहिल्या वर्षात तान्ह्या बाळाला गंभीर आजारापासून वाचवायचं काम दोन्ही लसी करतात. पुढे दीड वर्षाला आणि पाच वर्षांना बूस्टर असतातच. तेव्हा पेनलेस दिली म्हणजे बाळ उघड्यावर टाकलं असा कोणाचा समज व्हायला नको.

रानजाई
शेवगा, बाळ उघड्यावर पडतं असं मी म्हटलेलं नाही आणि तसं कोणी समजूही नये. माझा आक्षेप 'स्वस्त ते कमी दर्जाचं' या समजाला आहे. पण शाळकरी मुलांचा मुद्दा बाजूला सारू नका. 2010 मध्ये गेलेली ती 10 बाळं फार लहान होती. खोकला त्यांच्यापर्यंत मोठ्या भावंडांकडून आणि घरातल्या मोठ्यांकडूनच पोचतो.

घाटमाथा
दोन्ही बाजू एकच गृहीत धरून बोलताहेत, की दीड महिन्याच्या जिवाला एका दिवशी एवढं टोचायलाच हवं. मी लसीच्या विरोधात नाही, पण घाई कशाला? बाळ अंगाने भरू द्यावं, वर्ष-दोन वर्षांचं झालं की सावकाश एकेक द्यावी. आमच्या लहानपणी घरोघरी गोवर यायचा, आई लिंबाचा पाला ठेवायची, आठवड्यात पोर खेळायला लागायचं.

आणि सरकारी कारभारावर इतका विश्वास कसा ठेवता? जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं. जानेवारी 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यात एमआर लस घेतल्यावर तीन बाळं दगावली. लस हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवली होती असं तेव्हा बातम्यांत आलं. त्या आयांना काय सांगायचं?

ओवी_सिस्टर
घाटमाथा दादा, मी एएनएम म्हणजे सरकारी नर्स आहे, बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर काम करते. बेळगावची बातमी आली त्या दिवशी आमच्यातल्या कोणालाही जेवण गेलं नाही. त्या आयांना सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. पण ते कशामुळे होतं आणि ते होऊ नये म्हणून तुम्ही स्वतः काय बघू शकता, ते सांगते.

एमआरची पावडर असते, ती सोबतच्या द्रावणात मिसळावी लागते. मिसळल्यावर तिच्यात जंतू मारणारं काही नसतं. कुपी तशीच राहिली, त्यातून उबेत राहिली, तर आत जंतू वाढून विष तयार होतं आणि तेच बाळाच्या अंगात जातं. म्हणून नियम आहे: मिसळल्यापासून चार तास, त्यानंतर उरलेली फेकायची. कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची. तुम्ही विचारा, "सिस्टर, कितीला उघडली?" चांगली सिस्टर रागावत नाही, कुपी दाखवते.

दुसरं, आमच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्यात चौकोन. उष्णतेने चौकोन काळवंडत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. हे बघायला शिक्षण लागत नाही. खाजगीतल्या भरलेल्या सिरिंजवर बऱ्याचदा ही खूण नसते, तेव्हा तिथेही विचारा की लाइट गेली तर फ्रीजची काय सोय आहे. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. पेंटा गोठली तरी वाया जाते. लस फ्रीजरला चिकटवून ठेवणारी माणसंही मी पाहिली आहेत.

आता रानजाई ताई, तुमच्याशीही थोडं भांडायचं आहे. तुम्ही सोसायटीबद्दल लिहिलंत. माझ्याकडे दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यावर जातं. बाळाचं कार्ड गावात पत्र्याच्या पेटीत राहतं आणि बाळ फडात. तिथली आशा विचारते तेव्हा आईला आठवत नाही किती डोस झाले. त्यांच्यापुढे सरकारी की पेनलेस हा सवालच नाही. मी दरवर्षी सांगते, लसीचं कार्ड बाळाच्या दुपट्यात बांधून न्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आता यू-विनवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीवर, नोंद होते म्हणतात, पण फडात रेंज नसते.

गोवंडीचा_मास्तर
"गोवर यायचा आणि पोर खेळायला लागायचं" हे वाचून लिहावंसं वाटलं.

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा मी तिथल्याच शाळेत शिकवत होतो. कोविडच्या दोन वर्षांत कित्येक मुलांचे डोस चुकले होते. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं, मुलं आधीच कुपोषित. गोवर झालेल्या एका मुलाकडून लस न घेतलेल्या 12 ते 18 जणांना लागण होऊ शकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मुंबईत त्या साथीत डझनभराहून जास्त मुलं गोवराने किंवा गोवरासारख्या आजाराने गेली. भिवंडी आणि मालेगावातही साथ होती. मग नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिला गेला, काही भागांत सहा महिन्यांच्या बाळांनाही. नर्सताईंबरोबर मशिदीतले मौलाना दारोदार फिरले, तेव्हा कुठे बंद दारं उघडली.

दादा, तुमच्या आईने सेवा केली आणि तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. जी मुलं बरी झाली नाहीत ती आज इथे लिहायला नाहीत.

घाटमाथा
मास्तर, गोवराचं मान्य करतो, तो वाईट. पण माझा प्रश्न वेळेचा होता. दोन वर्षांचं होईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

सांगलीकर_बालरोग
मी सांगली जिल्ह्यात बालरोगतज्ज्ञ आहे, खाजगी. तुमचा हा प्रयोग जपानने करून पाहिला आहे. 1975 मध्ये लसीनंतर दोन बाळांचे मृत्यू झाले म्हणून तिथे डांग्या खोकल्याची लस थांबवली. काही आठवड्यांत पुन्हा सुरू केली, पण दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. लोकांचा विश्वास उडाला होता, फार थोड्यांनी घेतली. 1979 मध्ये तेरा हजारांच्या आसपास रुग्ण आणि 41 मृत्यू झाले. हा खोकला सर्वांत जास्त मारतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. पुष्कळदा त्यांना खोकला येतच नाही, श्वास थांबतो आणि बाळ निळं पडतं. दोन वर्षांनी लस देणं म्हणजे धोका टळल्यावर देणं. आज ज्याला पेनलेस म्हणतात ती लसही त्याच संकटातून जपानने काढली आणि 1981 मध्ये वापरात आणली.

रानजाईंशी माझा मतभेद वेगळा आहे. खाजगी डॉक्टर पेनलेसच पुढे करतात असा त्यांचा सूर आहे. लसीवर दवाखान्याला पैसे सुटतात हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या बाळाला आधीच्या डोसानंतर तीन तासांहून जास्त सलग रडू आलं किंवा झटका आला, त्याच्यासाठी पुढचा डोस ठरवताना ही लस हाताशी असणं मोलाचं असतं. मी दोन्ही पर्याय किमतीसकट सांगतो आणि उपकेंद्राचा वारही सांगतो.

तापाचं नीट सांगतो, कारण रात्री फोन त्याचेच येतात. लसीआधी पॅरासिटामॉल देऊन ठेवू नका, त्याने लसीचा प्रतिसाद थोडा कमी होतो असं आढळलं आहे. ताप आला, बाळ कण्हत असेल तर वजनावरून द्या, आणि बाटली वाचून द्या. नेहमीच्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. 125 च्या सिरपमध्ये 5 मिलीत 125, म्हणजे 1 मिलीत 25. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर चौपट औषध पोटात जातं. सुईच्या जागी तेल चोळणं, हळद-चुना लावणं, शेकणं नको, गार पाण्याची घडी पुरे. पेंटाचा ताप दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशीही असेल तर तो लसीचा समजून घरी बसू नका. एमआरचा ताप मात्र आठ-दहा दिवसांनी येतो, पुरळही दिसतं.

शिवाय गरोदरपणात 27 ते 36 आठवड्यांत आईला डांग्या खोकल्याची लस दिली तर बाळ जन्मतःच थोडं संरक्षण घेऊन येतं. सरकारी दवाखान्यात आईला धनुर्वात-घटसर्पाची मिळते, ही नाही. खर्च करायचाच असेल तर मी आधी इथे करायला सांगेन.

मोगरा_नाशिक
माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. दीड महिन्याचा डोस झाला, नंतर सासरी दुखवट्यामुळे राहिलाच. आता पहिल्यापासून सुरू करायचं का? आणि तो डोस खाजगीत झालाय, सरकारी चालेल का?

ओवी_सिस्टर
पहिल्यापासून नाही ताई. राहिलंय तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवडे ठेवून. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झालाय ना, मग पुढचे पूर्ण करता येतात. खाजगीनंतर सरकारी चालते, फक्त कार्ड बरोबर घ्या. याच आठवड्यात जा.

शेवगा
डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं वाचून एक नक्की पटलं, लस कुठलीही असो, वेळेवर हवी. पण रानजाई, नोकरदारांनी सरकारी दवाखान्यात यावं असं वाटत असेल तर रविवारी किंवा संध्याकाळी सत्रं हवीत, टोकन हवं, पाजायला आडोसा हवा. पोलिओ रविवार इतकी वर्षं राबवता आला. त्याच यंत्रणेला मोठ्या शहरांत महिन्यातला एक रविवार बाकीच्या लसींसाठी देता येणार नाही का?

रानजाई
इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने. आमच्या प्रभागातल्या दवाखान्यासाठी अर्ज लिहिते: महिन्यातून एक रविवार, टोकन आणि आडोसा. तुमच्या भागासाठी तुम्ही लिहा. पेनलेसचा वाद मात्र मी सोडलेला नाही, दीड वर्षाच्या बूस्टरला पुन्हा बोलू.