मनाकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न: ध्यानाला बसल्यावर श्वासावर लक्ष ठेवणं जमतं, पण मन पाहायला गेलं की एकतर विचार गायब होतात, नाहीतर त्यांच्यासोबत वाहून जायला होतं. पाहायचं नक्की काय? आणि दिवसभरात ते टिकवायचं कसं?

प्रतिसाद १: विचारातला मजकूर नको, मनाची अवस्था पाहा. बौद्ध ध्यानातल्या चार सतिपट्ठानांपैकी (सजगता ठेवण्याच्या चार जागांपैकी) चित्तानुपस्सना, म्हणजे मनाचं निरीक्षण, ती हीच: मनात राग असेल तर 'राग आहे' एवढंच ओळखायचं. आधी 10 मिनिटं श्वासावर बसा, मग लक्ष थोडं सैल सोडा. विचार आला की 'बेत', 'आठवण', 'चिडचिड' अशी एकाच शब्दाची नोंद करा आणि परत श्वासाकडे या. शब्द वाढायला लागले की समजा, विश्लेषण सुरू झालं.

विचार गायब होतात ते बहुतेकदा पहारा दिल्यासारखं टक लावून बसल्यामुळे. तेव्हा तो ताणच पाहा.

प्रतिसाद २: वाहून गेल्याचं लक्षात येतं, तोच सजगतेचा क्षण! तिथे स्वतःवर चिडलात तर त्या चिडण्याचीही नोंद घ्या. राग डोक्यात शोधू नका, अंगात पाहा: आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे, छातीतच अडकलेला श्वास.

प्रतिसाद ३: दिवसभर पाहत राहीन म्हटलं की विसरायला होतं. एकच खूण धरा. फोन वाजला की उचलण्याआधी एक पूर्ण श्वास, आणि हात पुढे जाण्याआधीची ती ओढ पाहा. मात्र बसल्यावर जुना आघात वर येऊन घाबरायला होत असेल तर डोळे उघडा, तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श जाणवू द्या आणि त्या दिवशी पुढे रेटू नका.