फोन माळ्यावर, लॅपटॉप सोप्यावर: हॉटस्पॉट खाली कसा आणू?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वाळपईपासून बरीच आत एका वाड्यावर राहते. चार-पाच दुकानांचे हिशेब लिहिते, त्यांचे जीएसटी रिटर्न भरते. गेल्या आठवड्यातल्या पावसात फणसाची फांदी पडून नेटची केबल तुटली. ‘माणूस पाठवतो’ असं ऐकून सहा दिवस झाले. जीएसटीचं ‘३बी’ रिटर्न भरायची २० तारीख तोंडावर, म्हणून सगळा कारभार मोबाइलच्या डेटावर चाललाय.

आमच्याकडे रेंज येते ती फक्त माळ्याच्या खिडकीत. फोन तिथे तांदळाच्या डब्यावर टेकवून ठेवते. लॅपटॉप खाली सोप्यावर, कारण माळ्यावर गळतं आणि ताठ बसताही येत नाही. मधे जुनी चिऱ्याची भिंत. तरी परवापर्यंत रडतखडत का होईना, नेट खाली येत होतं. मग भाचा आला आणि म्हणाला, "मावशी, हॉटस्पॉटचा बँड फाइव्ह गिगाहर्ट्झ कर, स्पीड वाढेल." केलं. आता माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नाही. भाच्याच्या फोनला मात्र छान दिसतो!

शिवाय हॉटस्पॉट दिसत होता तेव्हाही रोजचा १.५ जीबी डेटा सकाळी साडेनऊलाच संपायचा. मी तोवर पोर्टलवर लॉगिन करून एक रिटर्न उघडलेलं असायचं, बस्स. त्यानंतर स्पीड ६४ केबीपीएस, म्हणजे ओटीपी येतो पण पान उघडत नाही. आणि चहाला उठलं की हॉटस्पॉट आपोआप बंद. परत शिडी चढा. गुडघे बोलायला लागलेत. कुणी उपाय सांगेल का? फोन अँड्रॉइड, लॅपटॉप विंडोज १०.

प्रतिसाद १
ताई, बँड (वायफायची फ्रिक्वेन्सी) परत २.४ गिगाहर्ट्झवर आणा. जुन्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाला बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही, म्हणून नाव दिसत नाही. दिसलं असतं तरी चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ पेक्षा २.४ च जास्त पोचतं. आणि खिडकीतल्या रेंजवर फोनलाच जेवढं नेट मिळतं, तेवढं २.४ आरामात खाली देतं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच ‘कोणी जोडलेलं नसेल तर बंद करा’ असा पर्याय असतो, तो काढा. लॅपटॉप झोपला की फोनला वाटतं कुणीच नाही.

प्रतिसाद २
डेटा रिटर्न खात नाही, विंडोज खातं. लॅपटॉपवर त्या वायफायच्या नावावर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग मोठे अपडेट आपणहून उतरत नाहीत. फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर किती उपकरणं जोडलीत तेही बघा. पासवर्ड घरात किती जणांना माहीत आहे?
आणि अगदी २० तारखेला अडलात तर अर्धा तास माळ्यावर बसा, फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, म्हणजे नेट केबलमधूनच लॅपटॉपला जातं. वायफायची भानगडच नाही, फोन चार्जही होतो. फक्त केबल डेटावाली हवी, काही स्वस्त केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. ब्लूटूथच्या नादी लागू नका, फार हळू चालतं.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार! २.४ केलं, लॅपटॉपला लगेच दिसलं. आपोआप बंद होणंही काढलं, आज शिडी फक्त दोनदा चढले. मीटर्ड केलं, साडेअकरा वाजले तरी डेटा शिल्लक आहे, दोन रिटर्न भरून झाली.
जोडलेली उपकरणं बघितली तर तीन निघाली: माझा लॅपटॉप, भाच्याचा फोन आणि हॉलमधला टीव्ही. पासवर्ड बदललाय. भाचा सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये.