‘व्हेज टॅन्ड’ला मराठीत काय लिहावं?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-निपाणीकडच्या चपलांची विक्रीसाठी मराठीत वर्णनं लिहायची आहेत. मूळ इंग्रजी मजकुरातल्या ‘व्हेज टॅन्ड लेदर’चं (व्हेज म्हणजे इथे व्हेजिटेबल, वनस्पतीचं) भाषांतर यंत्राने ‘शाकाहारी चामडं’ केलंय. बरोबर शब्द कोणता? आणि ‘कातडं’ की ‘चामडं’?

– ‘शाकाहारी’ अजिबात नको. तळ म्हशीच्या कातड्याचा. गिऱ्हाइकाला ती सरळ फसवणूक वाटेल. आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे, कमावणे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवतात, त्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आत शिरलं की कातडं कुजत नाही. म्हणून ‘बाभूळ-हिरड्यात कमावलेलं चामडं’ लिहा. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्याहून ते वेगळं आहे, हेही त्यातच कळतं. कमावण्याआधी कातडं, नंतर चामडं. बोलण्यात दोन्ही चालतात, पण वर्णनात हा फरक पाळावा.

– सोबत कन्नड मजकूर असेल तर ‘हद’ला अडखळू नका. ‘चर्म हद माडुवुदु’ म्हणजे चामडं कमावणं. मराठी ‘हद्द’ इथे लावू नका. अळलेकाई म्हणजे हिरडा, जाली म्हणजे बाभूळ.

प्रश्न : अथणीच्या चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हटलं तर चालेल का?

– चालेल की. कोल्हापुरी चपलेच्या २०१९च्या भौगोलिक मानांकनात (जीआय) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्यासोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. शीर्षकात ‘कोल्हापुरी’, कारण लोक तेच शोधतात. पहिल्याच वाक्यात ‘अथणी’. मानांकनाचा उल्लेख मात्र कारागिराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद बघूनच करा.

– ‘१ नग’ कधीच लिहू नका, ‘१ जोड’ लिहा. नग म्हटलं की एक चप्पल की दोन, यावरून वाद होतो. नंबरासोबत पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या : कागदावर उभं राहून टाच ते सर्वांत लांब बोट. ‘पहिले काही दिवस चावते, पट्ट्याला आतून थोडं खोबरेल लावा’ हे लपवू नका. चावते म्हणूनच माल परत येतो. ‘वॉटरप्रूफ’ तर नकोच. भिजली की तळ फुगतो, वाकतो, बुरशी धरतो. ‘भिजल्यास सावलीत वाळवा’ एवढं पुरे.

– लिहिण्याच्या कामाचा दर शब्दांवर ठरवू नका, दर वस्तूमागे ठरवा. मराठीत ‘तळाखालच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. काम तेवढंच, बिल कमी. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, तेही आधीच लिहून घ्या.